मल्हारीचे बॉक्स पाने

विमलाबाईंनी पत्र्याची डबी खासगी तपास करणाऱ्या हर्षालीच्या टेबलावर ठेवली. "हे कोणी बनवले, तेवढं शोधून द्या. नातीच्या सोयरिकीतही चोराचं घर म्हणाले."

डबीत रेडिओचे नट सोडवायचे बॉक्स पाने होते, लाकडी मुठींचे. छाप कुणाचाच नव्हता.

त्यांचे यजमान मल्हारी धनराजशेठच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. शेठचा विलायती पान्यांचा संच नाहीसा झाला, आणि किल्ली मल्हारींकडे असल्याने आळ त्यांच्यावर आला. मग सातपूरच्या कारखान्यात लेथवर त्यांचा जन्म गेला. एकदा काहीतरी फडक्यात बांधून ते शेठकडे गेले, पण पायरीवरूनच हाकलले गेले. ते वारल्यावर ही डबी ट्रंकेत सापडली, आणि शेठ म्हणाले, ती माझीच.

हर्षालीने भिंगातून एका पान्याच्या आत पाहिलं. "कानशीचे ओरखडे आहेत, जराही न झिजलेले."

तिचा सहकारी ज्ञानेश मूठ धरून बघत होता. बोटासाठी पाडलेल्या खाचेत त्याची तर्जनी काही मावेना. सुतार अडाणी होता, असं त्याने ठरवून टाकलं. निर्णयाची त्याला नेहमीच घाई.

विमलाबाईंना घेऊन दोघं शेठच्या भद्रकालीतल्या दुकानात गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. धनराजशेठनी स्वतः चहा दिला. त्यांच्या उजव्या तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं. तरुणपणीच पंख्यात गेलं होतं.

"माझाच संच," ते म्हणाले. "छाप घासून टाकला त्याने. कित्येक वर्षं रोज वापरलाय मी."

"धरून बघा." हर्षालीने एक पाना पुढे केला.

तुटकी तर्जनी खाचेत चपखल बसली. शेठनी विमलाबाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ज्ञानेशला वाईट वाटलं; खटला संपला होता.

"ही खाच तुम्ही पाडली होती?" हर्षालीने विचारलं.

"नाही. विलायती मुठी गुळगुळीत..." शेठ थांबले.

"रोज वापरलेल्या पान्यात कानशीचे ओरखडे टिकत नाहीत. हे एकाही नटाला लागलेले नाहीत. बाहेरून लेथवर फिरवलेत, आतून हाताने घासलेत, आणि मूठ तुमच्या बोटाच्या मापाची आहे. तुमचा संच मल्हारींकडे असता, तर तोच आणून दिला असता. चोरी त्यांनी केली नव्हती, पण किल्ली त्यांच्याकडे होती. म्हणून त्यांनी नवा करून आणला."

साप म्हणून भुई धोपटली, हे शेठना आता कळलं, आणि कळून उपयोग नव्हता.

"मी फडकं सोडूसुद्धा दिलं नाही," ते म्हणाले. "सोयऱ्यांकडे मी स्वतः येतो, वहिनी."

"या. पण ज्यांना ऐकायचं होतं, ते राहिले नाहीत."

शेठनी डबी पुढे केली. विमलाबाईंनी ती परत सरकवली. "तुमच्याच मापाचे आहेत. ठेवा."

शेठ मूठ धरून बसून राहिले. दुकानात आता सोडवायला एकही नट नव्हता.