पट्टीवरचा मार्च

"पंचवीस वर्षांची गाडी म्हणे जुनी! माझा हा कोट तिच्याहून म्हातारा आहे. द्या त्यालाही परवाना!"

क्लॅरी बोडेन माझ्या कानाशी पुटपुटत होते. कासलमेनच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे ते अध्यक्ष. वय ऐंशीच्या पुढे, आणि स्वतःच्या तारुण्यानंतर बनलेली कुठलीही गाडी त्यांच्या लेखी खेळणंच. कागद तपासायचं काम माझं. गाडीला पंचवीस वर्षं झालीत, मालक आमचा सभासद आहे, मूळ गाडीत नसते बदल केलेले नाहीत, एवढं पाहून मी सही केली की क्लबचा परवाना मिळतो आणि वर्षातले मोजके दिवस गाडी रस्त्यावर काढता येते. रोवेना पॅस्को गोड बोलण्याला भुलत नाही, अशी माझी ख्याती होती.

होती...

दारात एक निळी गाडी, आणि तिचं बॉनेट हातानं वर धरून उभा असलेला उंच माणूस. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा; त्याची बोचरी भुरभुर त्याच्या पापण्यांवर साठली होती.

"टोमो वुकिच," तो म्हणाला. "गाडी बाबांची. हिला एकदा समुद्रावर न्यायचं म्हणत राहिले, आणि राहूनच गेलं. परवाना मिळाला की मी नेणार. मग गाडी मावशीच्या शेडमध्ये, आणि मी पर्थला. तिथं नोकरी थांबलीय."

मी कागद पाहिले. पहिली नोंदणी ऑक्टोबरची. "दोन महिने कमी पडतात."

"डोळे मिटून सही केलीत तर?"

"डोळे मिटून मी फक्त शिंकते."

तो हसला — आणि माझी चूक झाली. गाडीचं वय नोंदणीच्या कागदावरून कधी धरायचं नाही. बॉनेटखालच्या पट्टीवर ती बनल्याचा महिना कोरलेला असतो, तो बघायचा. नव्या सभासदांकडून मी हे घोकून घेते. त्या दिवशी पट्टी हातभर अंतरावर होती, आणि मी पापण्या बघत बसले.

"मग दोन महिने मी करू काय?"

"क्लबचे सभासद व्हा, रविवारच्या फेरीला या. नकाशा वाचता येतो?"

"तुम्ही चालवणार असाल तर येतो."

माझी मॉरिस मायनर चिमुकली. त्याचे गुडघे हनुवटीला टेकत. आमच्यात किल्ली फिरवण्याआधी परवान्याच्या वहीत तारीख घालून सही करायची असते. तारीख चुकली तर गाडी बेकायदा. तो वही गुडघ्यावर धरी, पेनाचं टोपण काढून देई. माझे वर्षाचे दिवस पंचेचाळीस.

"डावीकडे घे," तो एकदा म्हणाला. 'अहो-जाहो' कधीच गळून पडलं होतं.

"तिथं काय आहे?"

"वॅटलची झाडं फुललीत, पिवळीधमक. नकाशात नाही, म्हणून सांगतोय."

तिसऱ्या रविवारी त्याच्या गाडीच्या बॅटरीची तार आवळायला मी वाकले आणि समोर पट्टी... लख्ख. मार्च. म्हणजे तो पहिल्यांदा आला तेव्हाच गाडी पात्र होती.

मी बॉनेट लावून टाकलं.

"काय गं?"

"काही नाही. थंडी वाजतेय."

त्यानंतर रविवारच काय, शनिवारही गेले. बुधवारी दूध आणायलासुद्धा आम्ही मॉरिसनंच गेलो. एकदा क्लॅरींनी माझी वही चाळली.

"गेल्या अख्ख्या वर्षात तू अकरा दिवस गाडी काढलीस, पोरी. यंदा एक्केचाळीस!"

"हवा छान होती."

"हवा!" क्लॅरी म्हणाले, आणि माझ्या हातात एक सॉसेज रोल कोंबला. सगळा क्लब तेच करत होता. माझ्यासमोर पर्थचं नाव कुणी काढत नव्हतं. खायला मात्र भरपूर घालत होते.

ऑक्टोबर उजाडला. भरल्या हॉलमध्ये टोमोनं अर्ज माझ्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. माझ्या सहीवर ही सगळी माणसं डोळे झाकून विसंबतात. पेन टेकवेना.

"टोमो, ही गाडी मार्चमध्येच पात्र झालीय. पट्टीवर आहे. मी ऑगस्टमध्ये वाचलं... आणि सांगितलं नाही."

मागे कुणीतरी चहाच्या पाण्याखालचा गॅस बंद केला.

"ती पट्टी काजळीनं भरलेली होती," टोमो शांतपणे म्हणाला. "पहिल्याच संध्याकाळी मी घासून काढली. नाहीतर तुला वाचता तरी आली असती का?"

"म्हणजे तुला... मग बोलला का नाहीस?"

"मग तुझा नकाशा कुणी वाचला असता?"

"हे इतिवृत्तात लिहायचं का?" क्लॅरींनी विचारलं, आणि हॉल खो-खो हसला.

मी सही केली. डोळे उघडे ठेवून, पूर्ण नावानिशी. अर्ज त्याच्याकडे सरकवला, पण एक बोट त्यावर तसंच राहू दिलं.

"समुद्रावर जाऊ. तुझ्या गाडीमागे माझी. माझे चार दिवस उरलेत."

"आणि मग?"

सगळे एकदम आपापल्या कपात बघू लागले. क्लॅरीसुद्धा.

"मग पर्थला जाऊ नकोस," मी म्हणाले.