आठशेपैकी आठशे

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या अभ्यासिकेत सकाळी अकराच्या सुमारास पंचवीस-तीस मुलंमुली बसलेली असत. सगळ्यांच्या कपाळावर राखाडी पट्टी असे. मधूनच कुणाचा तरी हात डास चावल्यासारखा उजव्या कानामागे जाई, आणि ती व्यक्ती पडद्यावर निवडलेलं उत्तर खोडून दुसरं निवडी. पहिल्या दिवशी तेजल वाकोडे बराच वेळ नुसती हे बघत उभी राहिली होती.

ती सव्वीस वर्षांची. दुर्गम भागात औषधं पोहोचवणाऱ्या एका कंपनीत मार्गनियंत्रक म्हणून दुपारच्या पाळीत काम करायची. व्यवस्थापन शाखेची प्रवेश परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा तिला आठशेपैकी सातशे नव्वद गुण पडले होते. एवढ्या गुणांवर कुठल्याही संस्थेचं दार उघडलं असतं. शिकवणीतल्या सरांनी तसं सांगितलं, घरच्यांनीही सांगितलं. पण दोन्ही वेळा एकेकच प्रश्न चुकला होता, आणि ते दोन प्रश्न तिला सोडत नव्हते. भाजी निवडताना, गाडी चालवताना ती ते पुन्हा सोडवायची आणि प्रत्येक वेळी बरोबर सोडवायची. मग त्या दिवशी हात चुकीकडे का वळला, हे तिला कळत नव्हतं.

अभ्यासिका चालवणारे डॉ. सुमेध इंगोले मेंदूचे अभ्यासक होते. त्यांच्याकडे याचं उत्तर होतं.

"चूक आपल्याला कळायच्या आधी मेंदूला कळते," ते म्हणाले. "बोट उत्तरावर टेकायच्या आत मेंदूत एक बारीक लहर उठते. मी तिला चूकलहर म्हणतो. आपल्याला ती जाणवत नाही. ही पट्टी ती टिपते आणि कानामागे मुंगी चालल्यासारखी थरथर देते."

परीक्षेच्या खोलीत अशी पट्टी नेता येत नाही, हे तेजलने बोलून दाखवलं. डॉक्टर हसले. तीन महिन्यांनी पट्टीची गरजच उरत नाही, असं त्यांनी सांगितलं. थरथर आणि चूक यांची गाठ इतकी पक्की बसते, की पट्टी काढल्यावरही मेंदू आपणच मुंगी आणतो.

तसंच झालं. पहिला महिना ती रोज चारशे प्रश्न सोडवायची आणि मुंगी कुठे चालते ते शिकायची. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी अधूनमधून पट्टी बंद ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी, पट्टी टेबलावर पडलेली असताना, तिच्या कानामागे मुंगी चालली. तिने उत्तर बदललं. बदललेलं उत्तर बरोबर होतं. त्या दिवशी तिने दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही. पुढचा प्रश्न, त्याच्या पुढचा, असं करत ती कामावर जायची वेळ होईपर्यंत बसून राहिली.

परीक्षेत मुंगी सात वेळा चालली. सात वेळा तिने बोट मागे घेतलं. निकाल लागला तेव्हा पडद्यावर आठशे हा आकडा होता. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या संस्थेने पंधरा दिवसांत मुलाखतही न घेता तिला जागा देऊ केली. स्वीकार किंवा नकार कळवायला महिनाभराची मुदत होती.

तिने लगेच स्वीकार कळवायचं ठरवलं आणि अर्ज उघडला. कानामागे मुंगी चालली. नकारावर बोट नेलं, तरी चालली. दमणूक असेल, असं म्हणून तिने अर्ज मिटला. पण त्या आठवड्यात दुकानात दोन साबणांसमोर ती पाच मिनिटं उभी राहिली. मैत्रिणीला निरोप लिहिताना चार वेळा खोडला. काहीही निवडायला गेलं की कान शिवशिवायचा. खुर्चीत बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जायचं ते ठरत नसे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी गौसभाईंचा फोन आला. गौसभाई कंपनीचे जुने चालक. ते गडचिरोलीच्या जंगलात सर्पदंशावरचं औषध घेऊन निघाले होते. आरोग्य केंद्रात घोणस चावलेली एक बाई दाखल होती आणि तिथला साठा संपला होता. पुढे रस्त्याला दोन फाटे होते. जवळच्या रस्त्यावरच्या नाल्याला पाणी चढत होतं. लांबच्या रस्त्यावर झाड पडल्याची बातमी होती, पण खात्री नव्हती. ड्रोन त्या वाऱ्यात उडणार नव्हते. संगणकाने दोन्ही मार्गांपुढे पोहोचण्याची शक्यता पन्नास टक्के असा आकडा लिहिला होता. अशा वेळी निर्णय माणसाने घ्यायचा, असा कंपनीचा नियम होता. तेजलची नेमणूकच त्यासाठी होती.

"कोणत्या रस्त्यानं नेऊ, ताई?" गौसभाईंनी विचारलं.

तिने 'जवळच्या' म्हणायला तोंड उघडलं आणि कानामागे मुंगी चालली. 'लांबच्या' म्हणायला गेली, तीच मुंगी, तशीच. तिने नकाशा मोठा केला, लहान केला, पावसाचे आकडे पुन्हा मागवले. गौसभाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. तिने एक मिनिट थांबा म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले होते. तिचा हात कान खाजवत होता आणि तिला ते कळतही नव्हतं.

चौदा मिनिटांनी पडद्यावरचा ठिपका आपणच हलला. गौसभाई लांबच्या रस्त्याने निघाले होते.

औषध पोहोचलं. बाई वाचली, पण तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चौदा मिनिटांनी काही फरक पडला असता का, असं तेजलने तिथल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी गौसभाई नागपुरात परतले. ती त्यांना गोदामाच्या फाटकाशी भेटली आणि माफी मागितली. त्यांनी तिला दोष दिला नाही. तुम्ही कसं ठरवलंत, असं तिने विचारलं.

"ठरवलं कुठं, ताई. दोन्हीकडं भीतीच होती. उभं राहून ती काही कमी होत नव्हती, म्हणून निघालो."

तिथून ती थेट अभ्यासिकेत गेली. डॉ. इंगोलेंनी शांतपणे ऐकून घेतलं. चूकलहर फक्त चुकीलाच उठते असं आपण धरून चाललो होतो, असं ते म्हणाले. जिथे बरोबर उत्तरच नसतं, तिथे मेंदू दोन्हीकडे लहर उठवतो. पूर्वी ती आपल्याला जाणवत नव्हती, म्हणून माणसं पुढे जायची.

हे सगळ्यांनाच होतं का, असं तिने विचारलं. त्यांनी यादी काढली. या वर्षी देशभरात एकसष्ट जणांना आठशे गुण होते. त्यांतले अठ्ठेचाळीस त्यांचे विद्यार्थी होते. जवळपास सगळे तिला जागा देणाऱ्या त्याच संस्थेत जाणार होते. दोन वर्षांनी त्यांच्या हाती कारखाने, धरणं, रुग्णालयं दिली जाणार होती.

"मग संस्थेला कळवा," तेजल म्हणाली. "आणि हे बंद करा."

डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यांचा हात हळूच उजव्या कानामागे गेला. पहिली पट्टी त्यांनी स्वतःच्याच कपाळावर बांधून पाहिली होती.

ती उठली. बाहेर दुपारच्या उन्हात पायऱ्यांवर बसून तिने संस्थेला पत्र लिहिलं. पट्टी, लहर, चौदा मिनिटं, त्या बाईचा पाय, अठ्ठेचाळीस जण, सगळं लिहिलं. आपली जागा आपण सोडत आहोत, हेही लिहिलं. त्या अठ्ठेचाळीस जणांची आयुष्यं या पत्राने मोडतील की सावरतील, ते तिला माहीत नव्हतं. पाठवायच्या खुणेवर बोट नेताच मुंगी चालली, यापूर्वी कधी चालली नव्हती इतक्या जोरात. तिने बोट मागे घेतलं. न पाठवता फोन खिशात ठेवायला गेली, तरी ती चालतच होती.

तिने दात आवळले आणि बोट टेकवलं.

पत्र गेलं. कान आता जळत होता. ती उठून रस्त्याला लागली, भराभर, कुठे जायचं ते न ठरवता. आपण चुकलो होतो, की चुकण्याचा हक्क परत घेतला होता? आणि हे तिला आता कोण सांगणार होतं?