टिटवी आफ्रिकेवरून गेलीच कशी?

बोट कधी जमिनीवरून जाईल का? पण सन २०६३ मधल्या त्या सकाळी मैथिलीच्या संगणकावरच्या नकाशात ‘टिटवी’ ही सौरबोट ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका चिरत साऱ्या जगावरून आडवी गेली होती, तीही सहा तासांत!

टिटवीवर मैथिलीची आई इंजिनिअर होती. बोटीची वाट घरच्यांना दिसावी म्हणून मैथिलीनं हा नकाशा बनवला होता. दर सहा तासांनी बोटीचं ठिकाण यायचं आणि प्रोग्राम मागच्या ठिपक्यापासून नव्या ठिपक्यापर्यंत सरळ रेघ ओढायचा. रेघ जमिनीला लागली की खलाशांच्या घरी धोक्याचा निरोप जायचा. आताही गेला. हर्णैतल्या अकरा घरांचं धाबं दणाणलं. बोटीशी बोलणं थेट रविवारी. मैथिली रडतच आबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे धावली. त्यांची हयात नकाशे करण्यात गेली होती.

“आधी डोळे पूस. रेखांश वाच बघू,” आबा म्हणाले. (रेखांश म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेतलं ठिकाण सांगणारा आकडा.)

“मघाचा १७९ पूर्व. आताचा १७९ पश्चिम.”

आबा चक्क हसले. “अगं वेडे, बोट जेमतेम दोन अंश सरकलीय! १८० वर पूर्व संपते, तिथेच पश्चिम सुरू होते.”

त्यांनी लोणच्याची बरणी आणली. तिच्याभोवती कागद गुंडाळला, त्यावर जोडावरून जाणारी एक रेघ ओढली आणि कागद सोडवून पसरला. रेघेचे दोन तुकडे झाले, एक उजव्या कडेला, दुसरा डाव्या.

“पृथ्वीला कड नाही. ती आपण सपाट केली की कड येते. म्हणून रेघ आधी कापायची, मग पसरायची. तुझ्या प्रोग्रामनं न कापताच दोन टोकं जोडली.”

“म्हणजे आई ठीक आहे?”

“ठणठणीत!”

मैथिलीचा जीव भांड्यात पडला. तिनं प्रोग्रामला शिकवलं: दोन रेखांशांत १८० पेक्षा जास्त फरक दिसला, तर रेघ जवळच्या कडेवर थांबव आणि समोरच्या कडेवर त्याच उंचीवरून पुन्हा सुरू कर. आडवी रेघ नाहीशी झाली. मग तिनं अकरा घरांना कळवलं, ‘बोट सुखरूप आहे. चूक माझ्या नकाशाची होती. माफ करा.’

“पोरी, आता घास उतरेल गं घशाखाली,” देवकीकाकूंचा लगेच फोन आला. त्यांचा मुलगा बोटीवर स्वयंपाकी होता.

रविवारी आई पडद्यावर दिसली. “इकडे विशेष काही नाही गं, समुद्र अगदी शांत. येताना पुन्हा १८० ओलांडू.”

“खुशाल ओलांड,” मैथिली म्हणाली.