पोह्यांचा चमचा

कोल्हापूरच्या जनुकवाचन केंद्रात त्या सकाळी टेबलावर पोह्यांचा चमचा आला, तोही हळदीच्या डागासकट. डॉ. हर्षदा पोतनीसांना शिसारी आली. महिन्यातला हा अकरावा. मुलगी पाहायला जायचं, पोहे खायचे आणि निघताना तिचा उष्टा चमचा पर्समध्ये घालून तिच्यात पोटाच्या कॅन्सरचा वारसा आहे का ते तपासायला आणायचं, ही २०५१ सालची नवी रीत. फॉर्मवर 'मुलीची संमती आहे' या चौकटीत मुलाची आई खुशाल खूण करी आणि संचालक डोळे झाकून सही करत.

हा चमचा शैलजाबाई दळवींनी आणला होता. यंत्राने त्यांनी मागितलेलं एकच जनुक वाचलं आणि संध्याकाळी निकाल परस्पर त्यांच्या फोनवर पाठवला. दोष आहे!

दुसऱ्या दिवशी पडताळणी करताना सहकारी डॉ. फारूख बागवान थबकले. "मॅडम, ही लाळ पुरुषाची आहे."

"आणणाऱ्या बाईंशी ताडून पाहिलंत?" हाताळणाऱ्याचा अंश वगळता यावा म्हणून केंद्र त्याचीही लाळ घेत असे.

"पाहिलं. निम्मा वारसा जुळतो. त्यांचाच मुलगा. ताटल्या उचलताना चमचे बदलले असणार."

"आणि दोष?"

"तो जुळणाऱ्या निम्म्यातच आहे. बाईंकडून आलेला."

हर्षदांना क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

दुपारी शैलजाबाई हसतमुखाने हजर झाल्या. "वाचलो हो मॅडम! रात्रीच समाजाच्या ग्रुपवर टाकलं, मुलीच्या नावानिशी. आणखी कुणाचं घर फसायला नको."

हर्षदांनी आवाज कसाबसा ताब्यात ठेवला. "नीट ऐका. जठराच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. एक जन्मतःच बिघडलेली असली की सगळी भिस्त दुसरीवर. एखाद्या पेशीत तीही गेली, की पेशी सुट्या होऊन अस्तरात पसरू शकतात. गाठ दिसत नाही, दुर्बिणीलाही चुकवते. सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही, पण धोका एवढा, की आधीच जठर काढायचा सल्ला देतात."

"मग काढू दे की तिला."

"चमचा तिचा नव्हता. तुमच्या मुलाचा होता. आणि त्याला हे तुमच्याकडून आलंय."

शैलजाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "माझी आई पोटानंच गेली. अल्सर म्हणाले होते."

"तुमच्या दोघांच्याही पुढच्या तपासण्या आपण लगेच करू. पण आधी त्या मुलीबद्दलचं ग्रुपवर मागे घ्या."

"मग चमचा कुणाचा, हे विचारतील ना सगळे!"

या बाईला दाराबाहेर काढावं असं हर्षदांना मनापासून वाटलं. पण एक प्रश्न विचारणं भाग होतं.

"आणखी मुलं?"

"मुलगी आहे. अनुजा. गेल्या वर्षीच सांगलीला दिली."

"तिलाही दोष असण्याची शक्यता निम्मी. आजच बोलवा. वेळेत कळलं तर ती वाचेल."

शैलजाबाई उठल्या, दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सासरी कळलं तर घालवून देतील हो तिला. राहू दे, मॅडम. निम्मीच तर शक्यता आहे ना?"