गोड्या पाण्याची टाकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जमणार नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. ती चांगली धडधाकट आहे, भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नाही. आणि रात्र, अमावस्या वगैरे काही नव्हतं हो. भर दुपार होती. लख्ख ऊन होतं. बोट धक्क्याला बांधलेली होती.

मावशी बोटीवरच राहते. जुनी शिडाची बोट. काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची. 'आमची बोट' असं ते कधी म्हणालेच नाहीत.

केबिनमध्ये झोपायच्या बाकाखाली गोड्या पाण्याची टाकी होती. लोखंडी. आतून पार गंजलेली. त्या पाण्याच्या चहाला खिळ्यांची चव यायची. मावशी वर्षानुवर्षं म्हणत होती, टाकी बदलू या. काका म्हणायचे, "टाकीला काही झालेलं नाही. तुझ्या जिभेलाच गंज चढलाय."

आणि त्यांचा एक नियम होता. नळ उघडण्याआधी विचारायचं.

"घेऊ का?"

मग काका बाकाखाली हात घालून टाकीवर टकटक करायचे. कान देऊन ऐकायचे. टाकी किती भरलीय ते त्यांना आवाजावरून कळायचं. मग 'घे' म्हणायचे. नाहीतर 'नको'.

बोटीवर पाणी जपून वापरतात, मान्य. पण धक्क्याला बांधलेल्या बोटीत? धक्क्यावरचा नळ चार पावलांवर असताना? डोक्याला साबण लावून मावशी आत उभी आणि बाहेरून उत्तरच नाही, असंसुद्धा झालंय. तिनेच सांगितलं. हसत हसत. ते हसू मला अजिबात आवडलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेत. त्याच बाकावर.

भेटायला आलेली मंडळी पांगली, मावशीने डोळे पुसले आणि पहिला फोन मिस्त्रीला लावला. टाकी काढायचीय म्हणून.

आई भडकलीच. "अगं, माणूस जाऊन महिना नाही झाला! बोट वीक आणि आमच्याकडे ये."

"ताई, तुझ्याकडे आले तर तुला विचारून नळ उघडायचा. मला माझ्या घरात, कोणाला न विचारता, भडाभडा पाणी ओतायचंय. बस. दुसरं काही नको मला."



मिस्त्री आला. धक्क्यावर सगळे त्याला कासव म्हणतात. हात कासवाचे, तोंड मात्र सुसाट.

"वहिनी, ही टाकी आधी ठेवली आणि केबिन नंतर बांधली. दारातून निघायची नाही. कापून काढावी लागेल. तुकडे तुकडे करून."

"करा तुकडे," मावशी म्हणाली. जरा जास्तच खुशीत.

"रिकामी केलीत ना?"

"थेंबसुद्धा ठेवला नाही."

कासवाने बाकाची फळी उचलली. हातोडीचा दांडा टाकीवर हळूच मारला.

ढप्…

भरलेल्या टाकीचा आवाज.

"काय वहिनी, गरिबाची चेष्टा करता!" त्याने झाकण उघडून आत बॅटरी मारली.

कोरडी. नुसते गंजाचे पोपडे.

झाकण उघडंच ठेवून त्याने पुन्हा दांडा मारला.

ढप्…

कासवाचं तोंड बंद झालं. धक्क्यावर हे कोणी कधी पाहिलेलं नव्हतं.

मग ग्राइंडर लागला. ठिणग्या, धूर, कानठळ्या. निघालेला प्रत्येक तुकडा मावशीने स्वतः उचलून धक्क्यावर आपटला. नवी टाकी बसली. प्लास्टिकची, पांढरी, आतल्या पाण्याची पातळी बाहेरून दिसेल अशी. नव्या नळ्या, नवा पंप. काठोकाठ भरली.

मी आणि आई मुद्दाम बघायला गेलो होतो. मावशीने बाह्या सरसावल्या आणि नळ उघडला.

पंप घरघरला…

पाणी आलंच नाही.

"हवा अडकली असणार." कासवाने नळ उघडला. धो धो पाणी.

मावशीने उघडला. कोरडा.

आईने उघडला. पाणी. मी उघडला. पाणी.

मावशीने पुन्हा उघडला…

नुसती घरघर.

"माझाच हात नासका दिसतोय," ती म्हणाली. कोणी हसलं नाही. कासवाने नळ्या उपटून पुन्हा जोडल्या, पंप बदलला. तेच!

त्यानंतरची गोष्ट. अशीच दुपार. मावशी एकटी होती, बाकाच्या फळीला रंग देत होती. थिनरचा डबा कलंडला आणि थिनर थेट डोळ्यात उडालं.

आग आग आग. काही दिसेना. चाचपडत ती नळापाशी गेली. उघडला.

घरघर…

धक्क्यापर्यंत जायचं तर शिडी चढून वर, मग धक्क्याला टेकवलेल्या फळीवरून पलीकडे. मिटल्या डोळ्यांनी? पडली असती पाण्यात. डोळा जातो की काय, असं झालं तिला.

आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"घेऊ का?"

क्षणभर काहीच नाही.

मग बाकाखालून…

टक. टक.

प्लास्टिकवर नाही. लोखंडावर.

आणि पाणी आलं.

डोळा वाचला. पण नळ बंद करून ती जी रडली, ती काही डोळ्यासाठी नाही. आईला फोनवर एवढंच म्हणाली, "मेल्यावरसुद्धा मला विचारायला लावलं गं त्यांनी."

आईने पुन्हा सांगून पाहिलं, वीक ती बोट. मावशी ऐकेल तर शपथ. "मी का जाऊ? जायचं तर त्यांनी जावं." पण विचारायचंही नाही, असं तिने ठरवलंय. मरेपर्यंत नाही. त्या दिवसापासून टाकीतल्या पाण्याला ती शिवलेली नाही. कासवाला बोलावून टाकीची तोटी घट्ट बंद करून घेतली, पंपाची वायर काढून टाकली. आता ती धक्क्यावरून कॅन भरून आणते, शिडीवरून दम खात उतरते, आणि भरलेल्या टाकीवर झोपते.

परवा मी राहायला गेले होते. चादर बदलताना कडा खोचायला बाकाची फळी उचलली.

टाकी अर्धी झालीय.

नंतर कासवाने दोनदा तपासली. गळती नाही. टाकीखालची जागा खडखडीत कोरडी.

पण त्या क्षणी मी मावशीकडे बघितलं. तिला आधीच माहीत होतं. चादर माझ्या हातातून घेत ती शांतपणे म्हणाली, "पितात रोज थोडं थोडं."

मग फळी खाली टाकून म्हणाली, "न विचारता."