चौथी अट

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर पहिल्या दिवशी ती नेमकी त्याच्याच शेजारी बसली होती. थर्मासचं झाकण अडलं होतं.

"द्या इकडे. सुतार आहे मी, अडलेलं सोडवणं हाच धंदा," म्हणत त्यानं ते उघडलं. तिनं अर्धा चहा त्याला दिला. तेवढ्यात शिपायानं पुकारा केला, आणि वादी-प्रतिवादी दोघंही एकदमच उठले.

ती घड्याळं दुरुस्त करायची. त्याच्या नव्या कारखान्याची भिंत चढली आणि तिच्या खिडकीतला उजेड गेला. बारीक चाकं दिसेनात, म्हणून दावा. बांधकामावर तोवर मुकादमच दिसायचा. मालकाला तिनं पाहिलं ते असं, चहाचा घोट घेताना.

पुढं दर तारखेला दोघं बाकाच्या दोन टोकांना बसत. मध्ये थर्मास.

"वैऱ्याला चहा पाजतेस?" तिचा दावा चालवणारे तिचे वकील मामा गुरकावत.

"उरला तर ओतूनच टाकावा लागतो, मामा."

बाकाबाहेर मात्र दोघांत शब्द नव्हता.

आज तडजोड होती. भिंत खिडकीच्या खाली येणार होती. दावा तिनं जिंकल्यातच जमा होता. पण चौथ्या अटीप्रमाणं तो कारखाना विकून निघून जाणार होता. "त्यालाच जायचंय," मामा म्हणाले होते. ज्याला जायचंच आहे, त्याला अडवणारी आपण कोण? तिनं सही केली होती. रात्रभर डोळा लागला नव्हता.

न्यायाधीशबाईंनी अटी वाचून दाखवल्या. "मान्य आहे? स्वखुशीनं?"

"हो," तो मान खाली घालून म्हणाला.

मग तिला विचारलं. उजेड हवा होता... पण एवढ्या मोलानं?

"नाही."

"अगं, हातातोंडाशी आलेला घास..." मामा कुजबुजले.

"कुणाचा दबाव आहे?" बाईंनी तिला विचारलं.

"नाही, मॅडम. पण चौथी अट माझी नाही. मला कळलं, त्यांनाच जायचंय."

त्यानं झटकन वर पाहिलं. "मला तर सांगितलं — मी शेजारी नकोय यांना!"

मामा छताचा पंखा निरखू लागले.

"खोडायची?" बाईंनी विचारलं.

"खोडा," दोघं एकदमच म्हणाले.

खाडाखोडीशेजारी दोघांच्या सह्या झाल्या. दावा तडजोडीनं निकाली निघाला.

व्हरांड्यात बाक रिकामा होता. आता कुठल्या पुकाऱ्याची वाट पाहायची नव्हती. तिनं थर्मास पुढं केला. "उघडत नाहीये."

त्यानं बोट लावलं, झाकण सुटून हातात आलं.

"हे तर सैलच आहे."

"ठाऊक आहे."

"म्हणजे... पहिल्या दिवशीही?"

"छे. त्या दिवशी खरंच अडलं होतं."

त्यानं झाकण तिच्या हातात ठेवलं. मग हळूच म्हणाला, "भिंत उद्याच उतरवतो. रंधा मारताना मान वर केली की... तुम्हीच दिसाल. रोज. चालेल?"

तिनं चहा ओतला. पहिला कप त्याच्यापुढं धरला.

"स्वखुशीनं," ती म्हणाली.