खोडदचं शांत रान

खोडदच्या कांदाचाळीत टॅबवरचा वर्ग ऐन रंगात आला होता आणि दारात एक उंच तरुण येऊन थांबला. हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना, कानाला हेडफोन आणि नजर थेट वर्ग चालवणाऱ्या प्रज्ञावर.

"आवाज तुमचाच आहे," तो म्हणाला.

"मी तर अजून तोंडही उघडलं नाही—"

"तुमचा नाही... टॅबचा. आणि त्या वायफायच्या डबीचा."

तो सार्थक. बांधापलीकडच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणींच्या केंद्रातला तंत्रज्ञ. आकाशातून येणाऱ्या बारीक लहरी ऐकताना मध्येच कोण कालवा करतं, ते शोधत रानोमाळ हिंडणं हे त्याचं काम.

पहिल्याच भेटीत माणूस जमेत की खर्चात, हे ठरवून टाकायची प्रज्ञाला सवय होती. संस्था चालवायची तर ती लागतेच. सार्थक सरळ खर्चात गेला. कांदा काढायला आलेल्या मजुरांच्या पोरांचा हा वर्ग एका कंपनीच्या देणगीवर चालायचा आणि कंपनीची अट एकच होती: पोरं रोज ऑनलाइन दिसली पाहिजेत. डबी बंद की देणगी बंद, आणि पोरं परत आयांमागे वाफ्यात. प्रज्ञाने हे त्याला ऐकवलं, जरा जास्तच तिखट.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, की धडे सकाळी तुमच्या मंचरच्या ऑफिसातच टॅबमध्ये भरून आणले तर इथे नेट लागणारच नाही. कंपनीला पटवायचं तेवढं तुमच्याकडे.

चाळीची मालकीण कोंडाबाई चहा घेऊन आली. "बसा पावणं. भांडान काय, उद्याबी व्हईल."

आणि तो उद्या खरंच आला. परवाही. तपासणीसाठी, म्हणे. अँटेना दोनदा इकडेतिकडे फिरवायचा आणि मग पोरांत बसून हातच्याची वजाबाकी शिकवायचा.

वर्गातली डबी बंद झाल्यावर एक दिवस कंपनीच्या मॅडमच चाळीत आल्या. ऑनलाइन का नाही, मॅडमनी विचारलं. प्रज्ञाने धडे भरून आणलेला टॅब पुढे केला. तेवढ्यात पोरंच बोलली, "आमी गप ऱ्हातो, म्हणून दुर्बिनीवाल्यास्नी तारं ऐकू येत्यात."

मॅडम बराच वेळ त्या दुर्बिणींकडे बघत राहिल्या. निघताना म्हणाल्या, मुलं काय शिकली ते आठवड्यातून एकदा कळवलंत तरी चालेल.

गाडी वळणाआड गेली तशी प्रज्ञा पोत्यावर बसलीच. सगळीकडे कांद्याचा उग्र वास, आणि डोळ्यांत पाणी... बरं झालं, कांद्यावर ढकलता आलं.

"तुमचे उपकार कसे—" ती पोरांत बसलेल्या सार्थकला म्हणाली.

"उपकार कसले? मी तपासायला येतो."

"कशानं? तुमच्या अँटेनाच्या मशीनचं बटण तर बंद असतं."

तो कानापर्यंत लाल झाला. "कधी कळलं?"

"दुसऱ्याच आठवड्यात."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोलले असते, तर... आला असतात?"

त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. "दिवसभर मी आवाज बंद करत फिरतो, प्रज्ञा. तुमचा तेवढा एक... बंद होऊ नये असं वाटतं." मग हळूच, "उद्या मशीन घरीच ठेवून आलो तर?"

"या," ती म्हणाली. त्याच्या कॉलरला चिकटलेला कांद्याचा पापुद्रा तिने काढला, आणि तो फेकायचा मुठीतच राहून गेला.